मिसरूड फुटलं, पण तो वयात आला होता का? उशिरा वाढणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

मुलाचं वय १४ वर्षं ८ महिने. वर्गात सगळ्यांत बुटका, आवाज अजून लहान मुलाचा, मिसरूडाचा पत्ता नाही. खेळानंतर कपडे बदलायची वेळ आली की तो काहीतरी निमित्त काढून बाहेर थांबायचा. आईवडिलांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं ते उंचीसाठी. बहुतेक घरांत असंच होतं. उंची सगळ्यांना दिसते, तिच्याबद्दल मोकळेपणानं बोलता येतं. बाकीचं मुलगा सांगत नाही आणि घरातलं कोणी विचारत नाही.

वडील निश्चिंत होते. "मीसुद्धा उशिराच वाढलो, डॉक्टर. सगळे मित्र उंच झाले, मग माझी उंची आली." वडिलांचं हे वाक्य दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं. मुलगे उशिरा वयात येण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे शरीराची मुळातच संथ असलेली चाल, आणि ती घराण्यात चालत येते. अशा मुलांना उपचार न देताही सगळं यथावकाश होतं.

जुन्या फाईलमध्ये मात्र एक ओळ होती. जन्मतः उजवा वृषण खाली उतरलेला नव्हता. दीड वर्षाचा असताना शस्त्रक्रिया करून तो अंडकोशात बसवला होता. घरच्यांच्या लेखी ते प्रकरण तेव्हाच मिटलं होतं.

शरीरात काय व्हायला हवं होतं

मुलाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) लाट एकदा नव्हे, तीनदा येते. पहिली गर्भात. वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकामुळे वृषण तयार होतात आणि साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं आणि त्याच्यामुळे लिंग आणि अंडकोश घडतात. सुरुवातीच्या महिन्यांत वृषणांना कामाला लावतं ते वारेतून येणारं एचसीजी हे संप्रेरक. गर्भाच्या स्वतःच्या मेंदूची त्यात फारशी गरज नसते. पुढच्या महिन्यांत ही जबाबदारी गर्भाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडे येते. लिंगाची वाढ आणि वृषणांचा अंडकोशात उतरण्याचा शेवटचा टप्पा बऱ्याच अंशी या काळातल्या टेस्टोस्टेरॉनवर अवलंबून असतो. म्हणून मेंदूकडून संदेश येतच नसेल तर मूल जन्मतः मुलगाच दिसतं, पण एखादा वृषण वर अडकलेला किंवा लिंग नेहमीपेक्षा लहान असू शकतं.

दुसरी लाट जन्मानंतर येते. एक ते तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन चांगलंच चढलेलं असतं आणि सहा महिन्यांपर्यंत उतरतं. नंतर अनेक वर्षं शांतता.

तिसरी लाट म्हणजे वयात येणं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतरानं, थोडं थोडं सुटू लागतं, आधी रात्री झोपेत, नंतर दिवसाही. अंतर राखणं इथे महत्त्वाचं आहे. दारावर मधून मधून टकटक झाली तर घरातले दार उघडतात, बेल अखंड वाजत राहिली तर वैतागून तिची तारच काढून टाकतात. पिट्युटरीही तशीच वागते. टकटक नीट असली की ती एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएचमुळे सर्टोली पेशी वाढतात, आणि पुढे शुक्राणू पोसण्याचं काम त्यांच्याकडे असतं.

यातली पहिली दिसणारी खूण मिसरूड किंवा आवाज नाही, तर वृषणांचा वाढलेला आकार. तो मोजायला डॉक्टर एक माळ वापरतात. आन्द्रेआ प्रेडर या स्विस बालरोगतज्ज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या माळेत १ ते २५ मिलिलिटरचे १२ मणी असतात. ४ मिलिलिटरचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं असं धरतात. बहुतेक मुलांत हे ९ ते १४ या वर्षांत होतं. उंचीची मोठी उसळी त्यानंतर बरीच उशिरा, वृषण १० ते १२ मिलिलिटरच्या आसपास पोचल्यावर येते. तेव्हा मुलगा वर्षाला ९-१० सेंमी वाढू शकतो.

पहिल्या भेटीत काय दिसलं

उंची १४९ सेंमी, म्हणजे वाढीच्या तक्त्यावरच्या सर्वांत खालच्या रेषेच्याही खाली. मागच्या वर्षात वाढ ४ सेंमी. हात पसरून मोजलेली लांबी १५३. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय १२ वर्षं. आईवडिलांच्या उंचीवरून काढलेली अपेक्षित उंची १७१ सेंमी: वडील १७२, आई १५७, बेरजेत १३ मिळवायचे आणि निम्मे करायचे.

वृषण दोन्हीकडे २ मिलिलिटर. जांघेत थोडे केस होते आणि त्यामुळे आईला वाटत होतं की "सुरुवात झालीय." या केसांनी अनेक घरं फसतात. ते मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींच्या संप्रेरकांमुळेही येतात, वृषण झोपलेले असले तरी. म्हणूनच तपासणीत डॉक्टरांनी माळेवरच्या मण्याला केसांपेक्षा जास्त वजन दिलं.

सकाळी काढलेल्या रक्तात टेस्टोस्टेरॉन १२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, एलएच ०.२, एफएसएच ०.७. सगळे आकडे लहान मुलाचे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच एक संप्रेरक), सिलियाक रोगाची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याची) चाचणी, मूत्रपिंड, यकृत सगळं व्यवस्थित. गुणसूत्रं ४६ एक्सवाय, म्हणजे नेहमीची; एक्स गुणसूत्र जादा असण्याचा क्लाइनफेल्टर सिंड्रोम नाही. वजन ठीक होतं, कुठलं दीर्घ आजारपण नव्हतं, कुपोषण किंवा अतिव्यायामही नव्हता.

"वास येतो का रे नीट?" असंही डॉक्टरांनी विचारलं. मुलगा म्हणाला, "येतो." तशी नोंद झाली.

अडचण

एलएच-एफएसएच चढलेलं आणि टेस्टोस्टेरॉन कमी असतं, तर दोष वृषणात आहे हे कळलं असतं. इथे तिन्ही कमी होते. म्हणजे वरून हुकूमच सुटलेला नव्हता. पण हुकूम अजून सुटलेला नाही की कधीच सुटणार नाही, हे रक्ताच्या या तीन आकड्यांवरून सांगता येत नाही. उशिरा वाढणारा निरोगी मुलगा आणि जीएनआरएच मुळातच न बनणारा मुलगा यांचे रिपोर्ट चौदाव्या वर्षी सारखेच दिसतात.

संभाव्यतेचं पारडं पहिल्या बाजूला झुकलेलं होतं. वडिलांचा इतिहास, मागे पडलेलं हाडांचं वय, संथ पण चालू असलेली वाढ. दुसऱ्या बाजूला ती फाईलमधली एक ओळ, आणि उंचीपेक्षा ४ सेंमी लांब भरणारे हात. शिवाय हाडांचं वय १२ झालं की मुलगे सहसा वयात येऊ लागतात, मग जन्मतारीख काहीही असो. पण हे सगळे इशारेच होते, पुरावा नव्हे.

पहिला निर्णय

तीन वाटा होत्या. नुसतं थांबायचं आणि दर चार-सहा महिन्यांनी मोजायचं. किंवा सगळ्या मोठ्या तपासण्या, एमआरआयसकट, लगेच करायच्या. किंवा टेस्टोस्टेरॉनचा छोटा, कमी मात्रेचा कोर्स द्यायचा: महिन्याला ५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, तीन ते सहा महिने. या कोर्सनं रखडलेली गाडी हलते, मुलाला बरं वाटतं, आणि अनेकदा त्यानंतर शरीर स्वतःहून पुढे जातं. या मात्रेत हाडांची वाढीची टोकं वेळेआधी बंद होण्याची भीती फार थोडी.

चार महिने वाट पाहिली. वृषण तिथेच. मुलानं शाळेतल्या चिडवण्याबद्दल पहिल्यांदाच काही सांगितलं, तेही आई खोलीबाहेर गेल्यावर. मग कोर्स ठरला. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता. पंधराव्या वर्षी "थांब, होईल" हे ऐकायला सोपं असतं, पण जगायला नाही. आणि निदान पक्कं नसताना हे औषध देण्यात मोठा धोकाही नव्हता, एका अटीवर: कोर्स संपल्यावर नेमकं काय मोजायचं हे आधीच ठरलेलं असावं.

कोर्सनंतर

सहा इंजेक्शनं झाली आणि घर खुश झालं. उंची ५ सेंमीनं वाढली, खांदे थोडे भरले, आवाज फुटायला लागला, वरच्या ओठावर लव दिसू लागली. वडील म्हणाले, "बघा, माझ्यासारखाच."

इथेच हे प्रकरण वळतं. हे बदल खरे होते, पण त्यांनी मूळ प्रश्नाचं काहीच उत्तर दिलं नव्हतं. १८४९ साली गटिंगन इथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला होता. लहानपणीच वृषण काढले तर कोंबड्याचा तुरा खुरटतो, आरवणं आणि भांडखोरपणा जातो. पण काढलेला वृषण त्याच्याच पोटात दुसऱ्या जागी ठेवला तर तो चारचौघा कोंबड्यांसारखा वाढतो. तुऱ्याला रक्तातून येणारं द्रव्य मिळालं की पुरे, ते कुठून आलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मिसरूड, आवाज, स्नायू यांचंही तसंच. सुईतून आलेलं टेस्टोस्टेरॉन त्यांना चालतं.

वृषणांना मात्र ते चालत नाही. त्यांचा बहुतेक आकार शुक्राणू बनवणाऱ्या नलिकांचा असतो आणि त्या वाढतात एफएसएचनं आणि वृषणाच्या आत बनलेल्या टेस्टोस्टेरॉननं, जे रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. म्हणून कोर्सदरम्यान वृषण वाढू लागले तर ती शरीराच्या स्वतःच्या सुरुवातीची खात्रीची खूण. न वाढले तर दिसणारी सगळी मर्दानगी उसनी आहे.

इंजेक्शनं थांबवून सहा महिने गेले. सोळाव्या वर्षी मोजमाप: वृषण ३ मिलिलिटर. टेस्टोस्टेरॉन परत १५ वर उतरलेलं. एलएच ०.३.

दुसरा निर्णय

घरच्यांना आणखी इंजेक्शनं हवी होती. कारण उघड होतं: ती लागू पडली होती. डॉक्टरांनी थोड्या जास्त मात्रेचा दुसरा कोर्स दिला. तसं करण्याची पद्धत आहेच. काही उशिरा वाढणाऱ्या मुलांना दोन कोर्स लागतात. पण या टप्प्यावर प्रश्न पुन्हा उघडायला हवा होता. ३ मिलिलिटर म्हणजे एक मणी पुढे, एवढ्यावर मनाची समजूत घालता येते, आणि तशी ती घातली गेली.

१६ वर्षं १० महिन्यांना तो पुन्हा आला तेव्हा उंची १६३, आवाज जाड, हाडांचं वय १४. वृषण अजून ३ मिलिलिटर. हाडांचं वय १४ असताना वृषण लहान मुलाचे असणं हे संथ चालीच्या मुलात बसत नाही. इन्हिबिन बी हे सर्टोली पेशींचं संप्रेरक तपासलं, तेही खूप कमी निघालं. नुसता उशीर असलेल्या मुलांत ते सहसा इतकं खाली नसतं.

वासाची बाटली

या भेटीत वास विचारला नाही, तपासला. डोळे मिटायला सांगून बंद बाटल्या एकेक करून नाकाशी धरल्या: कॉफी, साबण, लवंग. तीनदा "काही नाही." मेंथॉलच्या बाटलीला तो लगेच म्हणाला, "हां, हे येतंय." काय येतंय विचारल्यावर म्हणाला, "थंड लागतंय."

थंडपणा, झोंबणं, तिखटपणा नाकातली दुसरी मज्जातंतू पोचवते. तिला वासाची गरज नसते. ज्याला जन्मापासून वास नाही त्याला आपल्याकडे काय नाही हे कळायला मार्गच नसतो. बाम लावल्यावर काहीतरी जाणवतं, लोक त्याला वास म्हणतात, म्हणून तोही म्हणतो. पहिल्या भेटीतलं त्याचं "येतो" खोटं नव्हतं. त्याच वेळी आईला आठवलं: "घरात काही करपलं तरी याला कळत नाही. आम्ही म्हणायचो, लक्षच नसतं याचं."

वासाचा वयात येण्याशी संबंध विचित्र वाटतो, पण तो गर्भातच जुळतो. जीएनआरएच बनवणाऱ्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या तंतूंच्या वाटेनं मेंदूत शिरून हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतात. ती वाट तयार झाली नाही तर वासही जातो आणि जीएनआरएचही. वास नसणं आणि खुरटलेले वृषण यांची जोडी १८५६ मध्ये मायेस्त्रे दे सान हुआन या स्पॅनिश डॉक्टरांनी शवविच्छेदनात नोंदवली होती. १९४४ मध्ये फ्रान्झ कालमन यांनी ती घराण्यांतून चालत येते हे दाखवलं, म्हणून तिला कालमन सिंड्रोम म्हणतात.

एमआरआयमध्ये पिट्युटरी ठीक होती. मेंदूच्या तळाशी असणारे वासाचे दोन कंद मात्र दिसले नाहीत. निदान पक्कं झालं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं जागच्या जागी होती. ही तपासणी करावीच लागते, कारण या आजाराच्या एका प्रकारात काहींना एक मूत्रपिंड नसतं. जनुकांच्या तपासणीत काही सापडलं नाही. जवळपास निम्म्या रुग्णांत सापडत नाही.

तिसरा निर्णय

आता प्रश्न बदलला. शरीर स्वतःहून सुरू होणार नाही असं धरून काय द्यायचं?

टेस्टोस्टेरॉन चालू ठेवून मात्रा दोन-तीन वर्षांत प्रौढ पुरुषाएवढी न्यायची, हा सगळ्यांत सोपा मार्ग. शरीर पुरुषाचं होतं, हाडं मजबूत होतात. वृषण तसेच लहान राहतात आणि मूल हवं असेल तेव्हा वेगळा उपचार करावा लागतो. दुसरा मार्ग, पिट्युटरीचीच संप्रेरकं बाहेरून द्यायची: एलएचचं काम करणारं एचसीजी आणि सोबत एफएसएच. आठवड्याला दोन-तीन इंजेक्शनं, खर्च बराच, पण वृषण वाढतात आणि शुक्राणू तयार होऊ शकतात. तिसरा मार्ग, दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच सोडणारा पंप अंगावर बाळगणं. तो निसर्गाच्या सर्वांत जवळचा, पण मोजक्याच केंद्रांत उपलब्ध, आणि सतरा वर्षांच्या मुलाला तो चोवीस तास सांभाळायचा नव्हता.

दुसऱ्या मार्गातही क्रमाचा प्रश्न होता. सर्टोली पेशींची संख्या वाढते ती त्या कोवळ्या असताना. वृषणात टेस्टोस्टेरॉन चढलं की त्या पक्व होतात आणि संख्या तिथेच थांबते. एक सर्टोली पेशी ठरावीक शुक्राणूच पोसू शकते. म्हणून काही डॉक्टर आधी काही महिने एकटं एफएसएच देतात आणि मग एचसीजी जोडतात, विशेषतः वृषण ४ मिलिलिटरपेक्षा लहान असतील किंवा लहानपणी खाली उतरलेले नसतील तर. या मुलात दोन्ही गोष्टी होत्या.

चर्चा लांबली. वडिलांना आधीची इंजेक्शनं साधी वाटत होती आणि "मुलाबाळांचं आत्तापासून कशाला" असं त्यांचं म्हणणं होतं. मुलानं वेगळाच प्रश्न विचारला: "वृषण वाढतील का?" त्याला बापपणाची घाई नव्हती, त्याला बाकीच्यांसारखं व्हायचं होतं. निर्णय त्याच्या या प्रश्नावर झाला. आधी चार महिने एफएसएच, मग दोन्ही.

निकाल

एकोणिसाव्या वर्षी डावा वृषण १० मिलिलिटर, उजवा ७. उजवा मागे राहणं अपेक्षित होतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन प्रौढ पुरुषाचं. वीर्यतपासणीत शुक्राणू थोडे, पण हालचाल असलेले. ते गोठवून ठेवले. त्यानंतर तो टेस्टोस्टेरॉनवर आला.

उंची १७५ सेंमी भरली, अपेक्षेपेक्षा चार जास्त, आणि पसरलेले हात १८१. हेही संप्रेरकांचंच काम. हाडांची वाढीची टोकं टेस्टोस्टेरॉन थेट बंद करत नाही. त्याच्यापासून बनलेलं इस्ट्रोजेन बंद करतं, पुरुषातही. १९९४ मध्ये शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच न होणाऱ्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित असूनही २८ व्या वर्षी तो २०४ सेंमी होता आणि वाढत होता. आपल्या मुलात इस्ट्रोजेन उशिरा आलं, हातापायांना जास्त वर्षं मिळाली. त्याच उशिरामुळे हाडांची घनता मात्र कमी निघाली. तिच्यावर लक्ष ठेवलं जातंय.

वास आलेला नाही आणि येणारही नाही. घरात धूर आणि गॅसगळती ओळखणारं यंत्र बसवायला सांगितलं. अशा रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांत पुढे कधीतरी शरीराची स्वतःची यंत्रणा चालू होते, त्यामुळे काही वर्षांनी औषध थांबवून बघायचं ठरलंय.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत होती. वृषण न उतरलेल्या प्रत्येक बाळाला हा आजार नसतो, तसा तो फार थोड्यांना असतो. पण वृषण खाली नसणं आणि सोबत लिंग लहान असणं हे दोन्ही दिसलं तर एक ते तीन महिन्यांच्या वयात एलएच, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासता येतं. त्या वेळी शांत असलेले आकडे खूप काही सांगतात. ती खिडकी बंद झाली की पुढे चौदा वर्षं रक्त काही बोलत नाही. या बाळाच्या लिंगाचं माप जन्माच्या वेळी कोणी नोंदवलं नव्हतं.

पहिल्या भेटीत वासाच्या बाटल्यांना पाच मिनिटं लागली असती. त्यात वास नसल्याचं कळलं असतं तर एमआरआय दोन वर्षं आधी झाला असता. पहिला टेस्टोस्टेरॉनचा कोर्स तरीही दिला गेला असता की नाही, यावर डॉक्टरांचं एकमत होणार नाही. सर्टोली पेशी कोवळ्या असताना थेट एफएसएचनं सुरुवात करावी असं काही म्हणतील. सुईतलं कमी मात्रेचं टेस्टोस्टेरॉन वृषणाच्या आत फारसं चढत नाही, त्यामुळे नुकसान झालं नाही असं बाकीचे म्हणतील. मी दुसऱ्या बाजूचा आहे. माझा आक्षेप दुसऱ्या कोर्सला आहे, आणि तोही औषधाला नव्हे. सोळाव्या वर्षी ३ मिलिलिटर वृषण आणि ०.३ एलएच समोर असताना पुढचं इंजेक्शन लिहिण्याआधी इन्हिबिन बी आणि वासाची तपासणी व्हायला हवी होती. ती झाली असती तर दहा महिने वाचले असते, आणि वडिलांचं "माझ्यासारखाच" घरात एवढं रुजलं नसतं. निदान सांगितल्यावर ते सोडून द्यायला त्यांना मुलापेक्षा जास्त वेळ लागला.